बंदुकीस परवाना, विषास मोकळीक

आपल्या देशांत बंदूक बाळगावयाची तर १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवाना काढावा लागतो. पोलिसांची चौकशी होते, कारण विचारलें जातें. या बंदोबस्ताचें एक फळ सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. अमेरिकेंत आत्मघात करणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक बंदुकीनें जीव देतात; आपल्याकडे हें प्रमाण शेंकडा एकही भरत नाहीं.

मग येथील माणसें वाचलीं काय? महाराष्ट्रांत २०२२ सालीं २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, आणि इतका मोठा आंकडा दुसऱ्या कोणत्याही राज्याचा नव्हता. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरांत बंदूक क्वचितच असते, परंतु पिकावर फवारावयाचें औषध (विषाला औषध म्हणण्याची आपली रीतही विलक्षणच!) दाराआडच्या कोपऱ्यांत असतें. तें विकणाऱ्यास परवाना लागतो, घेणाऱ्यास नाहीं. देशांतील सुमारें पाव आत्महत्या विषानें होतात.

ज्यास मरावयाचें तो कसाही मरणारच, असें कित्येक शहाणे म्हणतात. श्रीलंकेनें तें खोटें ठरविलें. १९९५ पासून तेथील सरकारनें अतिजहाल कीटकनाशकें क्रमाक्रमानें बंद केलीं, आणि वीस वर्षांत आत्महत्यांचें प्रमाण दोनतृतीयांशांहून अधिक उतरलें. कारण उघड आहे. हा विचार पुष्कळदां एका रात्रीचा असतो. ती रात्र टळली म्हणजे बहुतेक माणसें पुन्हां त्या वाटेस जात नाहींत. आपल्या सरकारनेंही २०१८ सालीं १८ कीटकनाशकांवर बंदीचा हुकूम काढला. तेवढ्यावर थांबूं नये, आणि उरलेलें विष गांवोगांव सामाईक कुलुपांत ठेवण्याची सोय करावी, असें आमचें मत आहे.

त्या एका रात्रीस दारूची जोड मिळाली कीं विवेक सुटतो. सोव्हिएट रशियानें १९८५ सालीं दारूवर कडक निर्बंध घातले, तेव्हां आत्महत्याही घटल्या. निर्बंध सैल होतांच पुन्हां वाढल्या. आमच्या पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीनें १९७५ नंतर गांवांतील दारू हटविली. पिणाऱ्यास खांबास बांधून मारण्याची तेथील रीत मात्र आम्हांस मुळींच मान्य नाहीं. मार खाल्लेला माणूस घरीं जाऊन काय करील, याचा विचार मारणाऱ्यानें केलेला नसतो.

कायद्याचा मार्ग मतपेटीचा आहे. स्त्रियांनीं मागणी केल्यास गुप्त मतदान होतें, आणि आडव्या बाटलीस बहुमत मिळाल्यास दुकान बंद होतें. परंतु हें बहुमत मत देणाऱ्यांचें नव्हे, तर यादींतील एकूण स्त्रियांचें धरतात. पाथर्डी-शेवगांवकडील जी बाई दिवाळीनंतर नवऱ्यामागें ऊसतोडीस गेली, तिची गैरहजेरी दुकानदाराच्या पदरांत पडते. दारूचे चटके तिच्याइतके कोणास बसले आहेत? सरकारनें ही अट बदलावी. तोंपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांनीं अशीं मतदानें तोडणीचा हंगाम संपून माणसें घरीं परतल्यावर, वैशाखांत घ्यावींत. ज्यांस ती रात्र आजच आली असेल, त्यांच्यासाठीं टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनि रात्रंदिवस चालू आहे.