तपासणीची फी आधी, स्क्रीन नंतर

लॅपटॉप चालू होतो, पंखा फिरतो, कॅप्स लॉकचा दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच राहते. सर्व्हिस सेंटरमध्ये नेला की बहुतेक वेळा ठरलेले उत्तर मिळते: डिस्प्ले गेला, अख्खा बदलावा लागेल. आकडा ऐकला की माणूस तिथूनच नव्या लॅपटॉपच्या किमती बघायला लागतो. बिघाड नेमका कुठे आहे हे न शोधताच सुटा भाग विकण्याची ही पद्धत ग्राहकाला फार महागात पडते, आणि तिला आपणही हातभार लावला आहे. ‘नुसते उघडून बघायचे कसले पैसे?’ असे विचारत आपण दुकानदाराच्या तपासणीचे मोल शून्यावर आणले. मग त्याने कमवायचे कुठून? पार्टमधून. पार्ट जितका महाग, तितकी त्याची बरकत.

वास्तविक काळ्या स्क्रीनची अर्धा डझन तरी कारणे असतात आणि त्यातली काही स्क्रीनपासून बरीच दूर असतात. रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी संपर्क काळवंडले की यंत्र जिवंत दिसते पण चित्र येत नाही. ती पट्टी काढून शाळकरी खोडरबराने पुसून परत बसवणे हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर सर्वात आधी करतो तो उपाय. झाकण बंद आहे की उघडे हे ओळखणारा चुंबकीय सेन्सर फसला तरी स्क्रीन झोपून राहते. हे दोन्ही निकालात निघाले की एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडावा. टीव्हीवर चित्र आले तर मदरबोर्डवरचा ग्राफिक्सचा भाग ठीक आहे, आणि संशय पॅनेल, त्याची केबल आणि बॅकलाइट यांच्यावर येतो. मग खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारायचा. डेस्कटॉपची चिन्हे अंधुक दिसली तर एलसीडी आपले काम चोख करते आहे, तिच्यामागचा उजेड तेवढा गेला आहे. तो का गेला? कधी एलईडीची पट्टी जळते, कधी केबल तुटते, तर कधी बोर्डवरचा एक बारीकसा फ्यूज उडालेला असतो, ज्याची किंमत चहाच्या कपाहून जास्त नसते. (ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइटच नसतो, त्यामुळे तिथे टॉर्चचा प्रयोग व्यर्थ.) झाकण पुढेमागे करताना चित्र लुकलुकत असेल, तर बिजागरीतून जाणारी केबल बघावी, प्रत्येक उघडझाकीत पीळ तिलाच बसतो. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘डी’चे बटण दाबून धरून यंत्र चालू केले की पॅनेल स्वतःच एकापाठोपाठ एक रंग दाखवते. त्या रंगांवरही रेघा दिसल्या, किंवा तड्यातून शाई सांडल्यासारखा डाग पसरला असेल, तर मात्र पॅनेल खरेच गेले. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. ही सगळी तपासणी जाणत्या हाताला अर्ध्या तासाची.

निदान आणि विक्री यांची गल्लत किती महाग पडते, याचे सर्वात बोलके उदाहरण अ‍ॅपलचे आहे. २०१६ साली आलेल्या मॅकबुक प्रोमध्ये डिस्प्लेची पातळ केबल बिजागरीजवळ वळसा घालून बोर्डाकडे जात होती. रोजच्या उघडझाकीने ती झिजू लागली. आधी स्क्रीनच्या तळाशी रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे पट्टे दिसायचे, पुढे झाकण ठरावीक कोनापलीकडे नेले की बॅकलाइटच बंद व्हायचा. दुरुस्तीच्या माहितीसाठी ओळखल्या जाणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने २०१९च्या जानेवारीत हिशेब मांडला: दोष सहा डॉलरच्या केबलचा, खर्च सहाशे डॉलरचा, कारण ती केबल डिस्प्लेलाच जोडून टाकलेली होती आणि वेगळी बदलता येत नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात अ‍ॅपलने २०१६च्या १३ इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. पण २०१८च्या मॉडेलमध्ये कंपनीने केबल सुमारे दोन मिलिमीटरने वाढवल्याचे तोवर बाहेर आले होते.

यावर दुकानदारांचे आणि कंपन्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. अख्खा डिस्प्ले बदलला की काम झटपट होते आणि त्यावर वॉरंटी देता येते. फ्यूज बदलून दिलेला लॅपटॉप आठवड्यात परत आला तर शिव्या दुकानदारालाच बसतात. ते खरे आहे. पाणी सांडून गंजलेल्या बोर्डावर फ्यूज घालणे म्हणजे दुखणे पुढे ढकलणे, कारण फ्यूज उडाला तो कशामुळे हा प्रश्न तसाच राहतो. काच पॅनेलला चिकटवलेल्या बारीक लॅपटॉपमध्ये नुसते पॅनेल सोडवताना तेच फुटण्याची भीती असते. पण ही सगळी कारणे निदान झाल्यानंतरची आहेत. केबल गेली आहे आणि तरीही मी अख्खा भाग घ्यावा, असे दुकानदाराला वाटत असेल तर त्याने तसे कागदावर लिहून द्यावे. निर्णय मी घेईन. शिवाय साध्या लॅपटॉपांत पॅनेल काही त्या ब्रँडची खासियत नसते. बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी डिस्प्ले अशा मोजक्या कंपन्या ती बनवतात, आणि दोन वेगळ्या ब्रँडच्या लॅपटॉपात एकच पॅनेल सापडू शकते. म्हणून तर पुण्याच्या तपकीर गल्लीत मागच्या लेबलवरचा नंबर, रिझोल्यूशन आणि ३० पिन की ४० पिन एवढे सांगितले की पॅनेल शोधता येते. अख्खी असेंब्ली बदलताना मात्र चांगला कॅमेरा, माइक, वायफायची अँटेना, बिजागऱ्या आणि झाकण हे सगळे भंगारात जाते, आणि त्याचे पैसे ग्राहक पुन्हा एकदा मोजतो.

तेव्हा सुरुवात आपल्यापासून. डॉक्टर औषध न देता नुसते तपासतो तरी आपण फी देतोच. लॅपटॉपच्या तपासणीचीही फी वेगळी द्यावी, दुरुस्ती करा वा न करा, आणि तिच्या बदल्यात कोणत्या चाचण्या केल्या आणि त्यांत काय आढळले याची चिठ्ठी मागावी. पैसे तपासणीतूनही मिळू लागले की पार्ट गळ्यात मारण्याची घाई कमी होईल. फी घेऊन खोटे निदान करणारेही निघतील, पण चिठ्ठी हातात असली की दुसऱ्या दुकानात ती पडताळून घेता येते.

कंपन्यांना वठणीवर आणायचे तर सरकारलाच लक्ष घालावे लागेल. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापायला लावले, आणि सुट्या भागांची किंमत हा त्यातला एक निकष आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, आणि दुरुस्ती निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात पहिला मान स्मार्टफोन आणि टॅबलेटना मिळाला. लॅपटॉपची पाळी येईल तेव्हा ‘डिस्प्ले मिळतो का’ एवढे विचारून भागणार नाही. पॅनेल, केबल आणि बिजागरी वेगवेगळ्या मिळतात का आणि प्रत्येकीची किंमत किती, असे स्वतंत्र रकाने त्यात असायला हवेत.