छिटमहल : 41 वर्षं बेकरार

शेजारी देशाशी केलेला करार का रखडला, असा प्रश्न संसदेत आला की आपण तो परराष्ट्र खात्याचा विषय म्हणून सोडून देतो. छिटमहलांची हकिकत वाचल्यापासून मला तसं सोडून देता येत नाही.

भारताच्या जमिनीचे 111 तुकडे बांगलादेशाच्या पोटात, बांगलादेशाचे 51 पश्चिम बंगालमध्ये, त्यातले बहुतेक कूचबिहारात. यांनाच छिटमहल म्हणत. एका ठिकाणी तर भारतीय तुकड्यात बांगलादेशी तुकडा आणि त्याच्याही आत पुन्हा भारताचं एक शेत होतं. 2011 च्या मोजणीत या सगळ्यांत मिळून 51,549 माणसं निघाली, हिंदूही आणि मुसलमानही. आपल्या देशाच्या सरकारशी त्यांचा संबंध नकाशापुरता.

16 मे 1974 रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी हे तुकडे अदलाबदल करायचा करार केला. बांगलादेशाच्या संसदेने त्याच वर्षी मान्यता दिली. आपल्याकडे जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती हवी, हे बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्येच सांगितलं होतं. ती दुरुस्ती झाली 2015 मध्ये.

मधल्या काळात सरकारचं ठरलेलं उत्तर होतं, सीमांकन पुरं झालेलं नाही. सुमारे 4,096 किलोमीटरच्या सीमेपैकी किती राहिलं होतं? साडेसहा किलोमीटर. या साडेसहा किलोमीटरसाठी पन्नास हजार माणसं का ताटकळतात, असा उलटा प्रश्न सभागृहात लावून धरणारे फार थोडे निघाले. 2013 मध्ये राज्यसभेत विधेयक आलं तेव्हा गदारोळ झाला तो जमिनीवरून: आपण 17,160 एकर देणार आणि 7,110 एकरच घेणार, हा कसला सौदा? त्या 17,160 एकरांवर आपलं ना पोलीस ठाणं होतं, ना शाळा. मे 2015 मध्ये तेच विधेयक दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता मंजूर झालं. तेव्हा विरोध करणारा भाजप आता सत्तेत होता. एकर मात्र तेवढेच होते.

मी शिक्षक, म्हणून माझं मन अडकतं ते शाळेच्या रजिस्टरपाशी. कूचबिहारातल्या बांगलादेशी छिटमहलातलं मूल भारतीय शाळेत घालायचं तर पालक शेजारच्या भारतीय गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव बाप म्हणून लावत. आमच्याकडे ‘शेख’ की ‘शैख’ एवढ्यावरून दाखल्यासाठी वर्षभर चकरा मारणारे आईबाप मी पाहतो. तिथे बापच दुसरा लिहायचा. पुढे ते कागद जुळवायचे कसे?

‘करार’चा अरबीतला मूळ अर्थ ठरणं, स्थिर होणं, उर्दूतला ‘बेकरार’ त्यातूनच आला. वर्गात हा शब्द शिकवताना मला ही माणसं आठवतात.

म्हणून मला वाटतं, खासदाराने ‘करार कधी अंमलात येणार’ एवढंच विचारून बसू नये. त्याला ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर तयारच असतं. नेमकं काय अडलंय, कोणत्या खात्यात, आणि तोवर तिथल्या माणसांच्या शाळा-दवाखान्याचं काय, हे विचारावं. मंत्र्याने आश्वासन दिलं तर ते तीन महिन्यांत पुरं व्हावं असा दंडक आहे आणि ते तपासायला दोन्ही सभागृहांत समित्याही आहेत. प्रश्नच मोघम असेल तर समिती तपासणार काय?

तिस्तेच्या पाण्याचा मसुदा 2011 पासून सहीवाचून पडला आहे. गंगेचा 1996 चा करार तीस वर्षांचा, त्याची मुदत डिसेंबर 2026 मध्ये भरते. आणि छिटमहलही संपलेले नाहीत. 1 ऑगस्ट 2015 ला अदलाबदल झाली, तिकडून आलेली कुटुंबं दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबारीच्या छावण्यांत पत्र्याखाली वर्षानुवर्षं राहिली. पुनर्वसनासाठी केंद्राने सुमारे 1,005 कोटी मंजूर केले होते. त्यातून किती घरांच्या हातात स्वतःच्या नावाचा जमिनीचा कागद पडला, एवढा एक प्रश्न तरी कुणी तारांकित म्हणून लावावा.