मालिका बंद पडते, तेव्हा पोरांना काय सांगाल?



आवडीची मालिका अचानक बंद झाली म्हणून घरातले लेकरू रुसून बसले, तर आपण काय म्हणतो? "गेली तर गेली, पुस्तक उघड." मोठ्यांना तो पोरखेळ वाटतो. पण लेकराच्या दृष्टीने रोज घरी येणारे एक माणूस न सांगता निघून गेलेले असते. त्याला खरे कारण सांगण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्यांनी 'शक्तिमान' आठवून पाहावा. 1997 साली दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली. रविवारी दुपारी बारा वाजता वस्तीत ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग लागायचा. ऐन वेळी लाईट गेली, तर ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायची. लाल पोशाख आणि छातीवर सोनेरी चक्र असलेला ड्रेस बाजारात टांगलेला दिसायचा. तो सगळ्यांना परवडत नव्हता. मग आईची जुनी ओढणी गळ्याला बांधून पोरे गरगर फिरायची.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या पोरांचे दुःख तर आणखी वेगळे. दिवाळीच्या सुमारास आई-बापाबरोबर कारखान्याकडे जायचे, ते पट्टा पडल्यावरच परतायचे. उसाच्या फडाजवळच्या कोपीत कसला आला टीव्ही? चार-सहा महिन्यांची गोष्ट त्यांना गावात राहिलेल्या मित्रांकडून ऐकावी लागे. त्यांच्यापुरती मालिका दरवर्षीच बंद पडत होती!

चारशेच्या आसपास भाग झाल्यावर 2005 साली 'शक्तिमान' थांबला. दूरदर्शनने प्रक्षेपणाचे शुल्क वाढवत नेले, ते परवडेना म्हणून मालिका थांबवावी लागली, असे मुकेश खन्ना यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. लाखो पोरे तेव्हा हळहळली, पण कारण त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही.

ते कारण समजून घेतले पाहिजे. अशा मालिकेत निर्माता दूरदर्शनला शुल्क भरतो आणि जाहिरातींची वेळ विकून पैसे वसूल करतो. खाजगी वाहिन्यांचा हिशेबही जाहिरातीवरच चालतो. कोणती मालिका किती पाहिली जाते, हे आता 'बार्क' ही संस्था मोजते. देशात टीव्ही असलेली घरे वीस कोटींच्या वर. मापनयंत्र मात्र पन्नास हजारांच्या आसपास घरांत. आपल्या गल्लीत शंभर घरांनी एखादी मालिका डोळ्यांत प्राण आणून पाहिली, तरी त्यांत यंत्र नसेल तर त्या शंभर घरांची थेट नोंद कुठेच होत नाही. नमुना घेण्याची ही पद्धत शास्त्राला धरून असेलही. पण आपल्या आवडीची दखल कशी घेतली जाते, हे पोरांना कळायला हवे.

अलीकडचा अनुभव घ्या. स्टार प्रवाहवर मे 2019 मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली. सागर देशमुख बाबासाहेबांच्या आणि शिवानी रांगोळे माता रमाईंच्या भूमिकेत होत्या. घरोघरी म्हाताऱ्या माणसांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे एकत्र बसून ती पाहत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने चित्रीकरण थांबले. पुढे मालिका पुन्हा सुरू झाली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये संपली. एवढ्या मोठ्या जीवनातले कितीतरी अजून दाखवायला हवे होते, अशी रुखरुख अनेकांना लागली. ती रुखरुख घरातच जिरली. किती जणांनी वाहिनीला पत्र टाकले?

पत्र टाकायला शिका. वस्तीतल्या पंचवीस-तीस सह्यांचे पत्र वाहिनीला पाठवता येते. दूरदर्शन तर सरकारी पैशावर चालते, तिथे माहितीचा अधिकार लागू आहे. एखादा कार्यक्रम का बंद झाला याची नोंद कार्यालयात असेल, तर दहा रुपयांच्या शुल्कात ती मागता येते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ असते. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. मालिका परत येईलच असे नाही. पण विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही, हे तरी मुलगा शिकेल.

दुसरी गोष्ट खेळण्यांची. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी, चिखलाचे बैल, चिंध्यांची बाहुली, काडीपेट्यांना दोरा लावून केलेला फोन, काडीने पळवलेला सायकलचा टायर. या खेळण्यांची आठवण निघाली की मोठी माणसेही हळवी होतात. त्या काळी पैसा नव्हता म्हणून ती करावी लागली, हे विसरू नका. गरिबीचे कौतुक नको. आपल्या पोरांना बाजारातले चांगले खेळणे मिळाले तर आनंदच आहे. पण धाटाची गाडी मोडली की पोरगा दुसरे धाट सोलायला बसे. तिचा पुढचा भाग दाखवायचा की नाही, हे मुंबईतल्या कार्यालयात ठरत नव्हते.

म्हणून या सुट्टीत दोन कामे करा. बंद झालेल्या मालिकेची गोष्ट पुढे काय झाली असती, ते मुलांना वहीत लिहायला सांगा. आणि आजोबांना धाट सोलायला बसवा. गाडीचे चाक कसे बसवायचे हे त्यांना अजून येते. नातवंडांना मात्र ते अजून कोणी दाखवलेले नाही.