मुलाखत म्हणजे संशोधन नव्हे?

राजकारणातील स्त्रियांच्या सहभागावर मराठीत महत्त्वाचे काम कोणते, असे विचारले तर आम्ही प्रथम ‘आम्हीही इतिहास घडवला’ हेच नाव घेतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे हे पुस्तक १९८९ सालचे. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांना बोलते करून त्यांनी ते सिद्ध केले. दोघींपैकी कोणीही विद्यापीठात अध्यापक नव्हते. वंदना सोनाळकर यांचा इंग्रजी अनुवाद आला २००८ साली, म्हणजे एकोणीस वर्षांनी. इंग्रजीतून परत आल्यावरच आपल्या विद्यापीठांना मराठी पुस्तक दिसावे, हा आमचा जुनाच आजार आहे.

हे आठवण्याचे कारण घरचे आहे. आमची एक विद्यार्थिनी निलंगा तालुक्यातील माजी महिला सरपंचांच्या मुलाखती घेत होती. ‘माझी सही घेतली’ असे सांगणारी बाई दीड वर्षाने त्याच घराच्या ओसरीवर ‘म्या सही दिली न्हाई’ म्हणाली, हे तिने टिपले. क्रियापद बदलले, कर्ता बदलला. सत्तेतील सहभागाचा याहून नेमका पुरावा आम्हांला तरी ठाऊक नाही. परंतु मराठीच्या समितीने ‘हे साहित्य नव्हे’ म्हणून विषय परत केला. राज्यशास्त्रवाल्यांना नमुना लहान वाटला.

विषय गौण आहे असे कोणी म्हणू नये. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील राखीव पंचायतींवर २००४ साली लिहिलेला निबंध जगभर वाचला जातो. स्त्री प्रमुख असेल तेथे पाण्याच्या सोयींवर अधिक खर्च होतो, असे त्यांना आढळले. आमचा त्या आकड्यांशी वाद नाही. पण आकडा होण्याआधी बाई काय बोलली, हे लिहून ठेवणारा कोणीतरी हवा ना?

आणि आमच्या भागात तर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये अमलात आली आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. पुनर्वसनाच्या काळात गावोगावच्या महिला मंडळांतील बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घरदुरुस्तीच्या अनुदानाचे हप्ते, सिमेंट, अभियंत्याची तपासणी यांवर त्या अधिकाऱ्यांशी बोलू लागल्या. निवडणूक न लढवता शिकलेले हे राजकारणच होते. त्या बायका आता साठी-सत्तरीत आहेत.

यूजीसीची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. दर्जा ठरविण्याची जबाबदारी आता पुन्हा संस्थांवर आली आहे. तेव्हा संपादित, सटीप मुलाखतसंग्रहाला संशोधन म्हणून मान्यता द्यावी आणि मराठी विभागांनी तो आपला विषय मानावा, एवढीच आमची मागणी आहे. बोलीतले क्रियापद ओळखणे हे आमचे काम नाही, तर कोणाचे?

विद्यार्थिनीने आता नवा विषय घेतला आहे : ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण. त्याला मान्यता मिळेल, याविषयी आम्हांला शंका नाही.