विषाचं पाणी कुणाच्या पदरात?

कपाशीवर फवारलेलं विष पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यात उतरतं. अमेरिकेतल्या मिसिसिपीत यावर एक उपाय तपासला गेला: शेतातून वाहिलेलं पाणी भाताच्या भरलेल्या खाचरातून सोडायचं. तिथं ते थबकतं, विष धाटांना आणि चिखलाला धरतं, हळूहळू काही विघटनही होतं. उपाय चांगला. पण बायांनो, नांदेडला कपाशी, लातूरला सोयाबीन. खाचर भरायचं कशानं? 2016 साली लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं!

आपल्याला जमेल तो उताराच्या बांधाला गवताचा दाट पट्टा. तत्त्व तेच, पाण्याचा वेग मोडायचा. पण ते गवत राखायचं की तणनाशकानं जाळायचं, हे ठरवतो सातबाऱ्यावरचा पुरुष. फवारणीला पाणी वाहणारी, त्याच रानात खुरपणारी, फवारणीचे कपडे धुणारी बाई कुणाच्या हिशेबात नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20हून अधिक माणसं गेली. चर्चा झाली मास्क-हातमोज्यांची. धुण्याच्या दगडावर उतरणाऱ्या विषाची कुठे झाली?

गवताच्या पट्ट्यांची मागणी येत्या महिला ग्रामसभेत ठरावात लिहून घ्यायला लावू. आणि फवारणीचा पंप ओढ्यात धुणाऱ्याला, घरचा धनी असला तरी, तिथंच अडवू.