जुने छप्पर आणि विम्याचे छत्र

मृग नक्षत्र जवळ येऊ लागले की गोव्यातल्या गावागावांत शाकारणीची लगबग सुरू होते. कौले उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढून नव्या ठोकायच्या, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहायचे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अलीकडे मात्र ते दरवर्षी अधिक अवघड होत चालले आहे. छपरावर चढणारे जाणते कारागीर कमी झाले. मंगळुरी कौलांचे अनेक कारखाने बंद पडल्यामुळे जुन्या मापाची कौले शोधावी लागतात. घरातली तरुण मंडळी नोकरीसाठी मुंबईत, आखातात किंवा युरोपात आहेत. परिणामी ज्या छपराची देखभाल सर्वांत अधिक व्हायला हवी, त्याचीच सर्वांत कमी होते. अशा घरावर एखाद्या वादळात माड कोसळला किंवा अर्धे छप्पर उडाले, तर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. ठिकठिकाणी झाडे उन्मळून घरांवर पडली आणि वीजपुरवठा खंडित झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, म्हादई आणि इतर नद्यांच्या पुराने सत्तरी, डिचोली, धारबांदोडा या भागांतील घरांचे मोठे नुकसान केले. अशा वेळी सरकारी मदत मिळते, पण तिचा आकार समजून घेतला पाहिजे. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने आपत्ती निवारण निधीचे जे निकष ठरविले, त्यांनुसार सपाट प्रदेशातील घर पूर्ण नष्ट झाल्यास १ लाख २० हजार रुपये आणि पक्क्या घराचे किमान १५ टक्के नुकसान झाल्यास ६,५०० रुपये मिळतात. राज्य सरकार आपल्या तिजोरीतून त्यात भर घालू शकते. तरीही ही रक्कम तातडीचा आधार म्हणून ठरविलेली आहे, भरपाई म्हणून नव्हे. लाकूडकाम आणि मजुरीचे आजचे दर ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ६,५०० रुपयांत छपराचा कितीसा भाग उभा राहील हे सांगायला नको.

मग उरतो तो विमा. परंतु आपल्याकडे घराचा विमा बहुधा गृहकर्जाच्या मागोमाग येतो. बँक तारण म्हणून घर घेते, म्हणून विम्याचा आग्रह धरते, आणि कर्जदार हप्त्याबरोबर विम्याचे पैसेही भरतो. पणजी, मडगाव किंवा पर्वरीतल्या नव्या सदनिकेला त्यामुळे आपोआप संरक्षण मिळते. आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या चिरेबंदी घरावर मात्र कसलेच कर्ज नसते, आणि म्हणून विम्याची आठवण करून देणारेही कोणी नसते. वादळाचा धोका सर्वाधिक असलेली घरे अशा रीतीने विम्याच्या कक्षेबाहेर राहतात.

भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. आगीचा विमा उतरविणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने ती उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे आणि तिचे मूळ कलम सर्वत्र एकच आहे. आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड कोसळणे, झाडासारखी वस्तू घरावर पडणे, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे अशा घटनांमुळे झालेले नुकसान तिच्यात येते. इमारतीचा विमा घेतल्यास घरातल्या सामानालाही विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण वेगळी यादी न देता मिळते. पॉलिसी एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते. विमा रक्कम घराच्या वास्तविक मोलापेक्षा कमी ठरली, तर त्या प्रमाणात भरपाई कापण्याची जुनी पद्धतही या पॉलिसीत लागू होत नाही.

जुन्या छपराच्या मालकाला पहिली भीती वाटते ती नकाराची. ‘घर शंभर वर्षांचे आहे, कोण विमा देणार?’ असे अनेकजण गृहीत धरतात. या पॉलिसीच्या व्याख्येनुसार कच्चे बांधकाम म्हणजे ज्याच्या भिंती किंवा छप्पर फळ्या, झावळ्या, गवत, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री अशा वस्तूंचे आहे ते. चिऱ्याच्या भिंती आणि लाकडी वाशांवर मंगळुरी कौले असलेले घर या व्याख्येत बसत नाही. ते केवळ कौलारू आहे म्हणून कच्चे ठरविले जात असेल, तर मालकाने पॉलिसीतील व्याख्येवर बोट ठेवून प्रश्न विचारावा. अर्थात विमा कंपनी बांधकामाचे वय विचारू शकते, घराची पाहणी करू शकते, आणि धोका अधिक वाटल्यास प्रस्ताव नाकारूही शकते. एका कंपनीचा नकार म्हणजे सर्वांचा नकार मात्र नव्हे.

खरी अडचण पॉलिसी मिळाल्यानंतरची आहे. विमा घटनेचा असतो, झिजेचा नसतो. वादळी वाऱ्याने कौले उडाली आणि त्या भगदाडातून आलेल्या पावसाने माळा व भिंती भिजल्या, तर कारण वादळ आहे आणि दावा टिकतो. परंतु वर्षानुवर्षे कौलांच्या फटींतून पाणी झिरपले, वासा आतून कुजला आणि श्रावणातल्या साध्या पावसात तो मोडला, तर ती कोणतीही विमित घटना ठरत नाही. वाळवीने पोखरलेल्या लाकडाचेही तसेच. वाद होतो तो या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. वारा होता, पण फारसा मोठा नव्हता. वासे जुने होते, पण उभे होते. अशा वेळी छप्पर कशामुळे कोसळले हे ठरविण्यासाठी कंपनीचा सर्वेक्षक येतो आणि मोडलेल्या लाकडाचा काळवंडलेला गाभा पाहून आपले मत बनवितो. घरमालकापाशी वादळापूर्वीच्या अवस्थेचा काही पुरावा नसेल, तर त्याचा शब्द सर्वेक्षकाच्या निरीक्षणापुढे दुबळा पडतो.

दुसरा गैरसमज भरपाईच्या मापाविषयी आहे. अंशतः नुकसान झाल्यास छप्पर घटनेच्या वेळी ज्या अवस्थेत होते, जवळपास त्याच अवस्थेला आणण्याचा खर्च विमा देतो. साठ वर्षांचे छप्पर वादळात अर्धे गेले, तर त्या निमित्ताने संपूर्ण नवे छप्पर विम्याच्या पैशांत उभारता येणार नाही. विमा रक्कम ठरवितानाही सावध राहायला हवे. ती घराच्या बाजारभावावर नसते. जमिनीचे मोल वगळून, चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा प्रचलित दर असा तिचा हिशेब असतो. समजा, चटई क्षेत्र १२० चौरस मीटर आणि दर प्रति चौरस मीटर २५ हजार रुपये धरला, तर विमा रक्कम ३० लाख रुपये होते. परंतु सिमेंटच्या सदनिकेचा दर जुन्या घराला लावणे धोक्याचे आहे. चिरा, सागवानी किंवा फणसाचे लाकूड आणि ते घडविणारा सुतार यांचा खर्च वेगळा असतो. त्यामुळे दर निश्चित करण्यापूर्वी स्थानिक अभियंत्याचा किंवा जाणत्या कंत्राटदाराचा लेखी अंदाज घेणे हिताचे.

गोव्यात याहून गुंतागुंतीचा प्रश्न मालकीचा आहे. विमा घेणाऱ्याचा त्या घरात आर्थिक हितसंबंध असावा लागतो. इथली असंख्य घरे आजही दिवंगत आजोबांच्या नावावर आहेत आणि वारसदार तीन खंडांत विखुरलेले आहेत. पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशातून आलेल्या इन्व्हेंटरी प्रक्रियेशिवाय वाटणी अनेकदा पूर्ण होत नाही, आणि ती प्रक्रिया वर्षानुवर्षे रेंगाळते. घरात राहणारा एक भाऊ आपल्या नावाने पॉलिसी घेतो, हप्ता भरतो, आणि दाव्याच्या वेळी इतर वारसांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून पॉलिसी घेतानाच सर्व सहमालकांची नावे कंपनीला लेखी कळवावीत आणि त्यांचे संमतिपत्र जवळ ठेवावे. मुंडकारांची स्थितीही विचारात घेण्यासारखी आहे. १९७५ च्या कायद्याने त्यांना घरातून बेदखल होण्यापासून संरक्षण दिले. ज्या घरात ते राहतात, त्याच्या जपणुकीत त्यांचे हित उघड आहे. परंतु नोंदणी अपूर्ण असल्यास कागदोपत्री ते सिद्ध करणे कठीण जाते.

बंद घरांचा आणि पर्यटकांना दिलेल्या घरांचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागतो. जुन्या आगविमा पॉलिसीत घर ३० दिवसांहून अधिक काळ निर्मनुष्य राहिल्यास संरक्षण थांबण्याची अट असे. त्यामुळे वर्षातून केवळ चतुर्थीला उघडणाऱ्या घराच्या मालकाने, घर बंद असते हे प्रस्तावातच स्पष्ट लिहावे आणि त्याविषयीची अट कंपनीकडून लेखी मागून घ्यावी. ‘भारत गृह रक्षा’ ही निवासी वापरासाठीची पॉलिसी आहे. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देऊन ती बाब लपविल्यास ऐन वेळी दावाच अडचणीत येतो. कौले काढून पत्रे घातले, तर तो बदलही कळवायला हवा.

छपराच्या वयाचा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चक्रीवादळांच्या तडाख्यांमुळे विमा कंपन्या जुन्या छपरांची घरे नाकारू लागल्या. तेव्हा २०२२ मध्ये तिथे कायदा झाला. छप्पर पंधरा वर्षांहून कमी जुने असेल, तर केवळ वयाच्या कारणावरून विमा नाकारता येणार नाही. त्याहून जुने असल्यास मालकाला तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याची संधी मिळते, आणि त्या छपराचे किमान पाच वर्षांचे आयुष्य शिल्लक असल्याचे दिसले, तर वय हे नकाराचे एकमेव कारण ठरू शकत नाही. आपली कौलारू रचना तिथल्या छपरांपेक्षा सर्वस्वी वेगळी आहे. एखादे कौल फुटले तर तेवढेच बदलता येते, वासा वाकला तर तेवढाच काढता येतो. त्यामुळे बांधकामाच्या सालावरून अशा छपराविषयी फारसे काही कळत नाही. त्याची अवस्था तपासूनच निर्णय व्हायला हवा.

हे तत्त्व आपल्याकडे रुजवायचे, तर सुरुवात पुराव्यापासून करावी लागेल. घरमालकाने दरवर्षी शाकारणीनंतर छपराची आतून आणि बाहेरून तारीखवार छायाचित्रे काढावीत. कौले, लाकूड, वाळवी-प्रतिबंधक फवारणी आणि मजुरी यांच्या पावत्या जपाव्यात. शक्य असल्यास काही वर्षांतून एकदा अभियंत्याचा पाहणी अहवाल घ्यावा. नुकसान झालेच, तर कंपनीला तत्काळ कळवावे, पंचनामा करून घ्यावा, अग्निशमन दलाने झाड हटविले असल्यास त्याची नोंद मिळवावी आणि मोडलेले वासे सर्वेक्षक येईपर्यंत टाकून देऊ नयेत. पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री अवश्य घालावी, पण आधी छायाचित्रे घ्यावीत. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळविल्यानंतर २४ तासांत सर्वेक्षक नेमणे, त्याने १५ दिवसांत अहवाल देणे आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घेणे अपेक्षित आहे. निर्णय अमान्य असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यांना ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मंजूर करण्याचा अधिकार आहे.

तथापि सारा भार घरमालकावर टाकून भागणार नाही. मान्सूनपूर्व तयारी म्हणून गटारांची सफाई आणि धोकादायक झाडांची छाटणी दरवर्षी होते. त्याच वेळी पंचायत पातळीवर जुन्या छपरांची तपासणी करून मालकाला साधा दाखला देण्याची व्यवस्था सरकारला उभारता येईल. तो दाखला विमा कंपनीला धोका मोजायला उपयोगी पडेल आणि दाव्याच्या वेळी मालकाच्या हाती पुरावा राहील. वृद्ध आणि अल्प उत्पन्न गटातील घरमालकांसाठी सामूहिक पॉलिसी घेऊन हप्त्याचा काही वाटा उचलण्याचा विचारही व्हावा. छोट्या राज्याला हे शक्य आहे, कारण इथे घरांची संख्या आवाक्यातली आहे. वादळानंतर तुटपुंजी मदत वाटण्यावर होणारा खर्च आणि वादळापूर्वी हप्त्यात घातलेला वाटा यांचा ताळेबंद वित्त खात्याने एकदा तरी मांडून पाहावा.

कौलारू घरे ही गोव्याची ओळख असल्याचे पर्यटन खात्याच्या जाहिराती सांगत असतात. त्या घरांत राहणाऱ्या माणसांना मात्र प्रत्येक पावसाळ्यात छपराकडे पाहत रात्र काढावी लागते. विमा कुजलेला वासा बदलून देणार नाही. ते काम शाकारणीचेच आहे आणि तसेच राहील. परंतु नीट राखलेले छप्पर एका रात्रीच्या वादळात गेले, तर ते पुन्हा उभारण्यासाठी जमीन विकण्याची किंवा घरच सोडून देण्याची पाळी कुटुंबावर येऊ नये, एवढी हमी मिळवता येण्याजोगी आहे. यंदाच्या पावसाळ्याआधी सुताराला बोलावताना पॉलिसीचे कागदही काढून वाचावेत, आणि पॉलिसी नसेल तर चौकशीला तरी सुरुवात करावी.