शेवटचा दाणा दोषी नसतो

"डॉक्टर, मी त्या रात्री वाद घातला नसता, तर बाबांना हे झालं नसतं ना?"

पक्षाघात झालेल्या वडिलांची फाइल समोर ठेवून मुलीने हा प्रश्न विचारला. असा प्रश्न मला वर्षभरात अनेकदा ऐकायला मिळतो. कधी दोष भांडणाला दिला जातो, कधी लग्नातल्या जेवणाला, तर कधी आदल्या दिवशी घेतलेल्या इंजेक्शनला. मोठं संकट आलं की त्याच्या अगदी आधी घडलेली गोष्ट आपण दोषी ठरवतो. माझ्या मते ही सवय चुकीची आहे आणि तब्येतीलाही घातक आहे.

खळ्यावरची भाताची रास आठवा. वरून एकेक दाणा टाकत राहिलं की रास आधी नुसती उंच होत जाते. पुढे तिचा उतार असा होतो की पुढचा दाणा काय करेल ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. कधी चार दाणे घरंगळतात. क्वचित मात्र एक अख्खी बाजू खाली येते. तिन्ही वेळा वरून पडलेला दाणा सारखाच असतो, फरक राशीत असतो.

पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वीसेनफेल्ड या तिघांनी १९८७ साली वाळूच्या ढिगाचं गणित मांडून ही कल्पना पुढे आणली. शास्त्रात तिला 'सेल्फ-ऑर्गनाइज्ड क्रिटिकॅलिटी' म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर, कोणी न आणता आपोआप काठावर येऊन राहणं. १९९६ मध्ये नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी खरोखरच तांदळाच्या राशी करून पाहिल्या. लांबट दाण्यांच्या राशीत हा प्रकार दिसला, आखूड दाण्यांच्या राशीत दिसला नाही. म्हणजे प्रत्येक ढिगाला हा नियम लागू होतोच असं नाही.

भूकंपांचं गणितही असंच आहे. लहान धक्के पुष्कळ आणि मोठे थोडे. तीव्रता एका अंकाने वाढली की धक्क्यांची संख्या साधारण दहापट कमी होते. दरडींमध्येही लहान पुष्कळ, मोठ्या थोड्या असंच दिसतं. आपल्या रायगडकरांना दरडी वेगळ्या सांगायला नकोत. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पाऊस प्रचंड होता हे खरंच. पण तो कितीतरी डोंगरउतारांवर पडला आणि कोसळले ते मोजकेच. नुसत्या पावसाकडे बोट दाखवलं, तर उताराकडे बघायचं राहून जातं.

आता शरीराकडे येऊ. जॉन बेग्ज आणि डीटमार प्लेंझ यांना २००३ मध्ये उंदराच्या मेंदूच्या पेशींमध्ये अशाच लहानमोठ्या 'घसरणी' दिसल्या. मेंदू काठाजवळ राहतो म्हणूनच तो चटकन प्रतिसाद देतो, असं काही शास्त्रज्ञ मानतात. त्यावर अजून वाद आहे.

हार्ट अटॅक आणि पक्षाघात या सिद्धांतात तंतोतंत बसत नाहीत. वाढलेलं बीपी, शुगर, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांची भिंत वर्षानुवर्षं खराब करत असतात. मग एक दिवस रागाने किंवा श्रमाने बीपी चढतं आणि भिंत फुटते, किंवा तिच्यावर गुठळी धरते. रागाचा, श्रमाचा वाटा असतोच, पण तो शेवटच्या दाण्याएवढा. असे दाणे रोजच पडतात. घरात वाद होणार, जाळी ओढावी लागणार, लग्नात जेवण होणार.

मात्र राशीत आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. रास घसरली तरी दाणे पडत राहिले की पुन्हा त्याच काठावर येते. आपला उतार आपण कमी करू शकतो. वरचं बीपी १० ने खाली आलं, तर हार्ट अटॅक, पक्षाघातासारखे मोठे प्रसंग साधारण एक पंचमांशाने कमी होतात, हे मोठ्या अभ्यासांमधून दिसलं आहे. तंबाखू सोडल्याचा फायदा कोणत्याही वयात होतो.

म्हणून "इतकी वर्षं काही झालं नाही, गोळी कशाला?" हे म्हणणं मला पटत नाही. घसरण्याआधीच्या क्षणापर्यंत रासही शांतच असते. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका.

आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर कारण शोधत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, "बाळ, तुझ्या वादाने हे झालं नाही. बाबांचं बीपी कित्येक वर्षं चढलेलं होतं, आणि त्याचा त्यांना त्रास जाणवत नव्हता. दोष कोणाला द्यायचा नाही. आता त्यांच्या गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत." मग तिचंही बीपी मोजलं. तिने ते आजवर एकदाही तपासलं नव्हतं.